नियम मोठा की विवेक?

(सुवर्णमहोत्सवी सभेतील भाषण)



संस्थेच्या पन्नास वर्षांविषयी आधीच्या वक्त्यांनी विस्ताराने सांगितले आहे. मला आपल्या सभागृहाच्या दारांविषयी बोलावयाचे आहे. संवत्सरी प्रतिक्रमणाला येथे पाय ठेवावयास जागा नसते, आणि दिवेही नसतात. अशा जागेची सुरक्षितता कडक नियमांवर सोपवावी की प्रत्येकाच्या विवेकावर, हा वाद आपल्या मंडळात जुना आहे. मी पूर्वी विवेकाच्या बाजूचा होतो.

मी कापडाचा व्यापारी. एका दिवाळीच्या हंगामात दुकानात जागा उरली नाही, म्हणून सामाईक जिन्यात चार गाठी ठेवल्या. ‘दोनच दिवसांचा प्रश्न आहे’, हा माझा विवेक! दुसऱ्याच संध्याकाळी मीटरच्या पेटीतून धूर निघाला, दिवे गेले आणि शेजारच्या दुकानातील मुलगा त्या गाठींना अडखळून पडला. मनगट मोडले. त्याचे वडील मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

१३ जून १९९७ रोजी दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात ५९ जणांचा मृत्यू झाला. आग तळमजल्यावरील ट्रान्स्फॉर्मरची. माणसे गुदमरली ती वर, बाल्कनीत. तेथील उजव्या बाजूची वाट जादा खुर्च्यांनी बंद झाली होती. जादा खुर्च्यांना १९७६ साली सरकारी परवानगीही मिळाली होती. अंधारात वाट शोधणाऱ्याच्या विवेकाला तेथे करण्यासारखे काय उरले होते?

परंतु नियमाचाही मला अनुभव आहे. पादत्राणे चोरीस जातात म्हणून मागील दार कुलूपबंद ठेवण्याचा ठराव आपण केला. त्यावर माझीही सही आहे. एका व्याख्यानाच्या वेळी एक वृद्ध भगिनी चक्कर येऊन पडल्या. किल्ली व्यवस्थापकांच्या घरी! रखवालदाराने नियम अक्षरशः पाळला होता. त्याला दोष कसा द्यावा?

आपल्या साधु-साध्वींची ईर्यासमिती पाहा. समोरची चार हात भूमी पाहून चालावे, हा नियम. जीव नेमका कोठे आहे, हे मात्र चालणाऱ्यालाच पाहावे लागते. म्हणून आता माझे मत असे की, नियमापेक्षा अधिक काळजी घेण्याची मुभा प्रत्येकाला असावी. नियम सैल करण्याची मुभा कोणालाही नसावी, विश्वस्तांनाही नाही. (लग्नसराईत मधल्या वाटेत खुर्च्या कोणाच्या आग्रहाने मांडल्या जातात, ती नावे मी घेत नाही, पहिले नाव माझेच येईल.)

दोन्ही दारे कार्यक्रम संपेपर्यंत आतून सहज उघडतील अशी असावीत, मधली वाट मोकळी राहावी आणि आसने ठरलेल्या संख्येपलीकडे मांडू नयेत, एवढा ठराव या वर्षी व्हावा ही विनंती. पुढील महिन्यात माझ्या धाकट्या चिरंजीवांचे लग्न याच सभागृहात आहे. पाहुण्यांची यादी मी कालच कमी केली.

जय जिनेंद्र.