अभिमानाचं आपलं कारण

कुणी भाकरी थापत ऐकत असेल, कुणी शेळ्यांमागे फिरताना मोबाइलवर. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढा आमच्याकडे द्या.

आज आम्ही गटातल्या बायका देशाबद्दल बोलणार आहोत. पंधरा ऑगस्टला आपण शाळेच्या पटांगणात जातो. झेंडा फडकतो, पोरं गाणी म्हणतात, आपण मागं पदर सावरून उभ्या असतो. भाषणात सांगतात, देशाचा अभिमान बाळगा. मग चांद्रयानाचं नाव येतं, क्रिकेटच्या कपाचं येतं. आम्हालाही त्याचा आनंद होतोच. पण आपल्या घरापर्यंत आलेलं, आपल्या हाताला लागलेलं असं काही कारण आहे का? मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर आम्ही ठरवलं, प्रत्येकीनं एक कारण सांगायचं. ऐकीव नको, आपल्या घरातलं हवं.

पहिल्या बोलल्या त्या आमच्या थोरल्या आजी. म्हणाल्या, "माझं कारण मत." त्यांच्या सासूबाईंनी १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत मत दिलं होतं. त्यांना अक्षर येत नव्हतं. पण तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असायची आणि तिच्यावर चिन्ह असायचं. चिन्ह बघून चिठ्ठी पेटीत टाकायची. शिकलेली-अडाणी, जमीनवाली-मजूर, बाई-पुरुष, सगळ्यांना पहिल्या दिवसापासून एकेक मत. श्रीमंत स्वित्झर्लंडमधल्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९७१ साल उजाडलं.

यातली एक गोष्ट आम्हाला ठाऊक नव्हती. त्या वेळी मतदारयादी करताना कित्येक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहा म्हणाल्या. निवडणूक आयोगानं सांगितलं, नाव हवं. मुदतही वाढवून दिली. तरी सुमारे २८ लाख बायकांची नावं यादीतून गाळावी लागली. आजी म्हणाल्या, "घरात कुणी आम्हाला नावानं हाक मारत नव्हतं. नाव विचारलं ते या देशाच्या यादीनं." आम्ही सगळ्या थोडा वेळ गप्प झालो.

दुसऱ्या मावशींनी १९७२ चा दुष्काळ सांगितला. त्या तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. विहिरी आटल्या, गुरं विकली, लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्यांची आई खडी फोडायला जायची, या धाकट्या भावाला सांभाळत कडेला बसायच्या. सुकडी मिळायची, तिची चव त्यांना अजून आठवते. त्या कामांच्या अनुभवातून आपल्या राज्यात रोजगार हमीचा कायदा झाला. १९७७ ला मंजूर झाला, १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. त्यासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर घेतला गेला. शेतात बाईला पुरुषापेक्षा कमी मजुरी असायची, पण या कामावर दर एकच. पुढं २००५ मध्ये देशानं असाच कायदा केला. मावशी म्हणाल्या, "माझ्या आईनं फोडलेल्या खडीचा रस्ता केव्हाच डांबराखाली गेला. पण त्या खडीवर कायदा उभा राहिला." हा अभिमान त्यांना कुणी भाषणात सांगितला नव्हता.

तिसरी आमची अंगणवाडीतली ताई. तिचं कारण दोन थेंब. १९९५ पासून देशात पोलिओच्या मोहिमा सुरू झाल्या. लसीचा डबा खांद्याला लावून ती ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर गेली, वीटभट्टीवर गेली, एसटी स्टँडवर उभी राहिली. बाळाच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण केली की पुढचं घर. कुणी दार लावून घेतलं, कुणी चहा दिला. आपल्या देशात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेनं पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र दिलं. ताई म्हणाली, "त्या कागदावर माझं नाव नाही. पण माझ्या वाट्याची घरं मी सोडली नव्हती."

मग एका बहिणीची पाळी आली. ती म्हणाली, "माझ्याकडं कारण नाही." तिची मुलगी नववीत. हायस्कूल सहा किलोमीटरवर. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, तो तिच्याकडं आहे. पण संध्याकाळची गाडी वाडीपर्यंत येत नाही. पोरगी अंधारात चालत येते. घरात बोलणं सुरू झालंय की आता शाळा बंद करू, स्थळ बघू. "पास दप्तरात आणि पोरगी रस्त्यात. अभिमान कशाचा धरू?"

तिला कुणी गप्प केलं नाही. तिचं खरंच आहे. देशाचा अभिमान वाटायला हवा म्हणून आपलं दुखणं लपवायचं, असं आम्हाला वाटत नाही. उलट आजी जे बोलल्या ते आम्हाला पटलं. त्या म्हणाल्या, "मत काय, रोजगार हमी काय, एकदा कायद्यात आल्यावर ते कुणाचे उपकार राहिले नाहीत. आपल्या हक्काचं झालं. म्हणून तर अभिमान. मग हक्काची गाडी मागायला लाजायचं कशाला?"

आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, तसा नियम आहे. त्या सभेत आम्ही गाडीचा विषय मांडला. ठराव लिहून घेतला, सह्या केल्या. सही येत नाही त्यांनी अंगठा दिला, पण प्रत्येक अंगठ्यापुढं पूर्ण नाव लिहिलं. ठरावाची प्रत घेऊन चौघी आगारात गेलो आणि अर्जावर पोहोच घेतली. गाडी अजून सुरू झालेली नाही. तोवर वाडीतल्या पाच मुली एकत्र येतात आणि रोज आमच्यातली एक जण फाट्यापर्यंत पुढं जाते. शाळा बंद करायचं बोलणं तूर्त थांबलंय. पुढच्या महिन्यात आम्ही परत आगारात जाणार आहोत.

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हे करून बघा. प्रत्येकीनं दोन गोष्टी सांगायच्या. या देशात माझ्या घरापर्यंत आलेली, अभिमान वाटावा अशी एक गोष्ट. आणि अजून यायची राहिलेली एक गोष्ट. दोन्ही गटाच्या वहीत लिहा. ज्यांच्याकडं पहिली नसेल त्यांना बोलायला आधी वेळ द्या, कारण पुढचा ठराव बहुधा त्यांच्याच बोलण्यातून निघेल.