गोठ्यातली आरएक्स १००

आज पापड नाही, शेळी नाही, शिलाई मशीन नाही. आज आम्ही जुन्या फटफटीबद्दल बोलणार आहोत. हसू नका. हिच्यासाठी आमच्या जानेफळच्या गटात कर्ज मागितलं गेलं आणि त्यावर दोन बैठका वाद झाला. म्हणजे विषय आपलाच आहे.

गटातल्या एका ताईंचे मालक चार वर्षांपूर्वी वारले. त्यांची यामाहा आरएक्स १०० तेव्हापासून गोठ्यात, कुटाराच्या पोत्यांमागे उभी होती. मुलगा साडेसतरा वर्षांचा, आयटीआयला जातो. त्याला ती घरीच नीट करायची होती. ताईंनी वीस हजार मागितले. आमच्यातल्या एक आजी तिथेच म्हणाल्या, "त्यापेक्षा बकऱ्या घे व माय. पोट्टं उडवून टाकीन पैसे."

आता या गाडीचं एवढं काय, ते सांगतो. ही जपानच्या यामाहाची. एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९८५ मध्ये भारतात आणली. इंजिन फक्त ९८ सीसीचं, ताकद ११ अश्वशक्ती, पण गाडी हलकी, त्यामुळे उडायची. १९९६ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, कारण टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलबरोबर ऑइलही जळतं, धूर होतो, आणि धुराचे नियम कडक झाले. बंद झाल्यावर तर पोरांना तिचं जास्तच वेड लागलं. चांगली ठेवलेली आरएक्स आज शोधून, पैसे मोजून घेणारे लोक आहेत. म्हणजे ती भंगार नव्हती, ताईंच्या घरातली मालमत्ता होती. बैठकीत हे पटायला वेळ लागला.

पण मालमत्ता कुणाच्या नावावर? पुस्तक काढून पाहिलं तर अजून मालकांच्याच. चार वर्षांत कुणी ताईंना सांगितलंही नव्हतं. मैत्रिणींनो, शेताच्या सातबाऱ्यावर वारसांची नोंद करतो, तशी गाडीचीही करावी लागते. घरचा माणूस गेला की तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यायची. मृत्यूचा दाखला लागतो, गाडीचं पुस्तक लागतं, बाकी वारसांची संमती लागते. उशीर झाला तर दंड भरावा लागतो, पण काम होतं. त्यातही गाडी पंधरा वर्षांच्या वरची असेल तर नोंदणीचं नूतनीकरण वेगळं, नमुना २५. त्यासाठी गाडी तपासणीला न्यावी लागते.

म्हणून आम्ही ठराव असा केला की वीस हजार एकदम द्यायचे नाहीत. आधी पुस्तकातला इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवायचा. जुळला तर पहिला हप्ता, इंजिन, ब्रेक आणि दिव्यांपुरता. गाडी ताईंच्या नावावर झाली आणि पुस्तक नवं झालं की दुसरा हप्ता, रंग नि सीटसाठी. आजींनी तेव्हा कुठे अंगठा दिला.

मग काम सुरू झालं. पोराने अंगणात ताडपत्री टाकली. एकेक भाग सोडवायच्या आधी मोबाइलवर फोटो काढायचा, नट-बोल्ट डब्यात टाकून वर चिठ्ठी लावायची. आपण मसाल्याचे डबे लावतो तसं. टाकीत गंज होता. खडी आणि डिझेल टाकून टाकी दोघांनी हलवली, मग धुऊन घेतली. इथे एक गोष्ट आयांनी लक्षात ठेवा. टाकीला भोक असेल तर घरी वेल्डिंग करू देऊ नका. टाकी रिकामी दिसते, पण आत पेट्रोलची वाफ असते, तिचा स्फोट होतो. आणि भाग धुवायचं काम चुलीपासून लांब.

इंजिन उघडलं तर पिस्टन जाम. या गाडीत ऑइलची वेगळी टाकी असते आणि एक छोटा पंप ते इंजिनात सोडतो. पंप अडकला की पिस्टन कोरडा पडतो. अकोल्याला लेथवर बोर करून आणलं, नवा पिस्टन, रिंगा नि ऑइल सील घातले. गटाच्या पैशातला मोठा वाटा इथेच गेला. सीटचं कव्हर आमच्याच एका सदस्येने रेक्झिनचं शिवलं, त्याची मजुरी तिने घेतली, आणि घ्यायलाच पाहिजे.

खरी ओढाताण पुढे झाली. पोराला सायलेन्सर कापायचा होता, इंडिकेटर काढायचे होते, मोठ्या आरएक्स १३५ चं सिलिंडर बसवायचं होतं. याला ते 'मॉडिफाय' म्हणतात. आम्ही नाही म्हटलं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की गाडीची कंपनीने दिलेली रचना परवानगीशिवाय बदलायची नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. शिक्षा मालकाला होते. एकेका बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि मालक आता कोण? आई. पुण्या-नागपुरात पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोलरखाली चिरडले. ते पोराला मोबाइलवर दाखवलं तेव्हा गप्प बसला.

त्याने आम्हाला उलट देवराष्ट्र्याचं उदाहरण दिलं. सांगली जिल्ह्यातल्या त्या गावात दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी घरी बनवली. कौतुक झालंच पाहिजे असं काम. पण आनंद महिंद्रांनी कौतुक करतानाच सांगितलं होतं की गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती थांबवतील. म्हणून त्यांनी ती ठेवून घेतली आणि २०२२ च्या जानेवारीत बदल्यात लोहारांना बोलेरो दिली.

आणि जुनं जसंच्या तसं राखण्यात कमीपणा नाही. जपानची माझदा कंपनी १९८९ मध्ये आलेल्या आपल्या रोडस्टर या छोट्या स्पोर्ट्स गाड्या आता स्वतःच पूर्ववत करून देते, बंद झालेले काही भाग पुन्हा बनवते. आपल्याकडे आरएक्ससाठी तशी सोय नाही. बाजारात नकली भाग भरपूर आहेत, म्हणून पोरगं जुना भाग हातात घेऊनच दुकानात जायचं.

गाडी पिकअपमध्ये टाकून बुलढाण्याला नेली, कारण नोंदणी संपलेली गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. पुस्तकावर ताईंचं नाव चढलं, विमाही त्यांच्याच नावाने काढला. दुसरा हप्ता दिला, गाडीला मूळचाच काळा रंग दिला.

पोरगं अजून अठराचं नाही. अल्पवयीन मुलाने गाडी चालवली तर पालकाला किंवा मालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. इथे पालकही ताई, मालकही ताई. त्यामुळे किल्ली त्यांच्या कमरेला आहे. पोरगं रोज गाडी पुसतं, जागेवर किक मारून आवाज ऐकतं आणि बंद करतं. ताईंचे तीन हप्ते फिटलेत, चौथा सोयाबीन विकल्यावर. अमडापूरचा एक माणूस गाडी मागून गेला. ताईंनी अजून हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.