सक्करदऱ्यापर्यंतचं अंतर



परदेशी पाहुणा कुठे जातो आणि कुठे जायला बिचकतो, याचा अभ्यास करणारे केवळ विमानभाडं आणि व्हिसा पाहत नाहीत, दोन देशांच्या संस्कृतींतलं अंतरही मोजतात. डच अभ्यासक गेर्ट हॉफस्टेड यांनी १९८०च्या आपल्या ग्रंथात देशोदेशींच्या मूल्यांना आकडे दिले आणि पुढे त्यांवरून हे अंतर काढलं जाऊ लागलं. अंतर जास्त तर बिचकणं जास्त, असा साधा हिशेब. पण वेगळं काही पाहायलाच तर माणूस घर सोडतो! युरोपला निघालेल्या आपल्या मंडळींना दिवसा आल्प्सचा बर्फ हवा असतो आणि रात्री वरणभात. मराठी सहल कंपन्यांनी हे ओळखलं, म्हणून कितीतरी आजी-आजोबा निर्धास्तपणे स्वित्झर्लंड पाहून आले.

नागपुरातल्या आमच्या सक्करदऱ्यात तर हा हिशेब पारच मोडतो. कामठीत १८६१ साली जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांना लोकांनी वेडं ठरवलं, नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. १९०८ साली राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना तिथून सोडवून सक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणलं. एका हिंदू राजानं मुसलमान फकिराला घरात मानानं ठेवलं, ही या वस्तीची खरी श्रीमंती. बाबा १९२५ साली गेले. जवळच ताजबागेत त्यांचा दर्गा आहे.

पुण्यात इराणी झरथुष्ट्री घरात जन्मलेल्या मेहेरबाबांनी आपल्या पाच सद्‌गुरूंत ताजुद्दीन बाबांचं नाव घेतलं. मेहेरबाबांचे अमेरिकेतले, ऑस्ट्रेलियातले भक्त अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादला येतात आणि त्यांतले काही पुढे ताजबागही गाठतात. भाषा वेगळी, धर्म वेगळा, चादर चढवण्याची रीत कधी न पाहिलेली. तरी ही माणसं डोक्यावर रुमाल बांधतात, चपला काढतात, गुलाबाची पुडी घेतात आणि रांगेत उभी राहतात. कारण ताजुद्दीन बाबांचं नाव त्यांनी आपल्या घरी ऐकलेलं असतं. नागपुरातल्याच दीक्षाभूमीवर थायलंड-जपानहून येणाऱ्या भिक्खूंनाही बुद्धाचं नाव असंच बोलावून आणतं.

आणि त्याच वेळी काचा लावलेल्या गाडीतून दुसरा परदेशी पाहुणा सक्करदरा चौकातून उमरेड रोडनं कऱ्हांडल्याच्या अभयारण्यातला वाघ पाहायला निघून जातो. कदाचित दोघांचा देश एकच असेल, तिकिटाचा खर्चही तेवढाच. एकाला इथली गोष्ट ठाऊक आहे, दुसऱ्याला कुणी सांगितलीच नाही. देशादेशांतलं अंतर आकड्यानं मोजणाऱ्यांच्या हातून निसटतं ते नेमकं हेच, असं मला वाटतं.

वाघ पाहून परतलेल्या पाहुण्याला विमानाआधी बरेचदा अर्धा दिवस मोकळा मिळतो. हॉटेलवाल्यांना आणि गाडीवाल्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बाबांची आणि रघुजीराजांची गोष्ट, डोकं कशानं झाकायचं, चपला कुठे ठेवायच्या, फुलं कुठे घ्यायची, एवढं इंग्रजीत आणि जपानीत छापून एक कागद प्रत्येक खोलीत ठेवा. वाघाचे फलक नागपुरात पुष्कळ झालेत. हा कागद अजून छापायचा आहे.