वाट पाहून सायकल



आजच्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांस वाटेत गाठून विचारले, "अहो, वसंतातली व्याख्याने वेदान्तावर व्हायची, इतिहासावर व्हायची. तुम्ही सायकलीवर तासभर बोलणार तरी काय?" आम्ही म्हणालो, "पूर्वी तासभर तर आपण नुसते पंक्चर काढून घेण्यात घालवीत होतो!" ज्या पुण्याला एके काळी सायकलींचे शहर म्हणत, त्या पुण्यात सायकलीच्या विषयास क्षमायाचना करावी लागावी, यावरूनच हा विषय बोलण्याजोगा झाला आहे हे उघड आहे.

त्या काळी सायकल निवडण्याचा प्रश्नच नव्हता. काळी, उंच, कॅरियर आणि डायनॅमो असलेली सायकल एकच. ती आजोबांकडून वडिलांकडे आणि वडिलांकडून मुलाकडे यायची. आज दुकानात शिरावे तर सायकलींची रांगच उभी दिसते, आणि तिच्यात दोन मुख्य कुळे आहेत. एक माउंटन बाईकचे आणि दुसरे रोड बाईकचे. आपण सोयीसाठी पहिलीस डोंगरी सायकल म्हणू आणि दुसरीस सडकेची सायकल. दुसरीला नुसते 'सडकी' म्हणण्याचा मोह आम्ही प्रयत्नपूर्वक आवरला आहे.

या दोहोंतील निवड आम्ही स्वतः चुकलो, म्हणूनच हे बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे असे आम्ही मानतो. काही वर्षांपूर्वी पन्नाशी ओलांडल्यावर डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, आणि आम्ही सायकल घ्यावयास निघालो. मनात विचार सरळ होता: सिंहगडावर जायचे, सिंहगड हा डोंगर, सबब डोंगरी सायकल. जाड गाठीगाठींचे टायर, पुढे शॉकअप, मागे शॉकअप, असे भरभक्कम वाहन आम्ही घरी आणले. शेजारच्या मुलांनी भोवती फेर धरला. छाती फुगली. पुढच्याच रविवारी पहाटे एका मित्राबरोबर निघालो. मित्राचे वय साठ, आणि त्यांची सायकल अशी बारीक टायरांची, की आम्हांस त्यांची काळजी वाटली. खडकवासल्यापर्यंत ते आमच्यापुढे शंभर पावले होते. घाट सुरू झाला आणि ते दिसेनासे झाले. आमच्या प्रत्येक पेडलागणिक शॉकअप खाली-वर होई, टायरांतून भुंग्यासारखा घूं-घूं आवाज निघे, आणि निम्म्या घाटात आम्ही सायकल हातात धरून चालू लागलो. परत येताना मित्र एवढेच म्हणाले, "सायकल उत्तम आहे तुमची. फक्त रस्ता चुकला आहे तिचा."

त्या वेळी आम्हांस तो टोमणा वाटला. सायकल जिन्याखाली गेली आणि वर्षभर तिथेच राहिली. परंतु मित्राचे वाक्य मात्र मनातून गेले नाही, आणि आजचे सारे व्याख्यान म्हणजे त्या एका वाक्याचे भाष्य आहे.

आमची चूक कोठे झाली? नावाने आम्हांस फसविले. सिंहगड हा डोंगर खरा. पण त्यावर वरपर्यंत डांबरी रस्ता गेलेला आहे. सायकलीच्या चाकाला डोंगर कळत नाही, त्याला फक्त पृष्ठभाग कळतो. डांबर हे समुद्रकाठी असले काय आणि घाटमाथ्यावर असले काय, चाकाच्या लेखी ते डांबरच. इतिहासही हेच सांगतो. फ्रान्समधील 'तूर द फ्रान्स' ही शर्यत १९०३ साली सुरू झाली आणि १९१० साली ती पिरेनीज पर्वतातील तूर्मालेच्या खिंडीवरून नेण्यात आली. म्हणजे सडकेची सायकल पर्वत ओलांडू लागली तेव्हा डोंगरी सायकल जन्मासही आलेली नव्हती! त्या स्पर्धकांचे हाल मात्र फार होत. चालत्या सायकलीवर गिअर बदलण्याच्या यंत्रास त्या शर्यतीत १९३७ पर्यंत मुभा नव्हती. चढ आला की खाली उतरावे, मागचे चाक काढून उलटे बसवावे, म्हणजे दुसऱ्या बाजूची मोठी दातेरी चकती चेनीत येई, आणि मग घाट चढावा.

डोंगरी सायकलीची जन्मकथा याहून गमतीची आहे. ती चढण्यासाठी जन्मली नाही, उतरण्यासाठी जन्मली. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन नावाचा परगणा आहे. तेथील काही तरुण १९७० च्या दशकात जुन्या जाड टायरांच्या सायकली भंगारातून उचलून आणीत आणि वणवा विझविणाऱ्या गाड्यांसाठी केलेल्या कच्च्या वाटेवरून भरधाव खाली सोडीत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी तेथे पहिली शर्यत भरविली. वाट तीन किलोमीटरांच्या आसपास, पण उतार सुमारे चारशे मीटरांचा! पेडल उलटे दाबून लागणारा ब्रेक एवढा तापे, की आतले ग्रीस धुराच्या रूपाने निघून जाई आणि प्रत्येक उतरणीनंतर ते नव्याने भरावे लागे. 'नव्याने भरणे' यास इंग्रजीत जो शब्द आहे, तोच त्या शर्यतीचे नाव झाला: 'रीपॅक'. त्या मंडळींतील ज्यो ब्रीझ यांनी १९७७ च्या सुमारास खास या कामासाठी नवी फ्रेम घडविली. टॉम रिची, गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी १९७९ साली तसल्या सायकली विकण्याचा उद्योग थाटला. आणि १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलीला मानाचे पान मिळाले. भंगारापासून ऑलिंपिकपर्यंतचा हा प्रवास अवघ्या वीस वर्षांचा आहे.

आता थोडे यंत्रशास्त्र. घाबरू नका, फळा मागविलेला नाही. स्वार आणि सायकल मिळून ऐंशी किलो, म्हणजे सुमारे १७६ पौंड वजन धरा. सडकेच्या सायकलीच्या टायरात चौरस इंचास ८० पौंड हवा असली, तर दोन्ही टायर मिळून जमिनीला टेकतात ती जागा साधारण सव्वादोन चौरस इंच. डोंगरी सायकलीत तीच हवा २५ पौंड ठेवतात, आणि टेकणारी जागा होते सात चौरस इंच. मऊ, रुंद टायर दगडाला आपल्या पोटात घेतो, मुरमावर पकड धरतो, चिखलात रुतत नाही. पण गुळगुळीत डांबरावर पोटात घेण्यासारखे काहीच नसते. तेथे त्या टायराच्या गाठीच वाकतात आणि सुटतात, आणि आपली ताकद त्यात खर्ची पडते.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. सपाट रस्त्यावर तासाला वीस किलोमीटरांच्या वर गेलात की तुमचा खरा शत्रू समोरचा वारा. वेग दुप्पट केला तर त्या वाऱ्यासाठी लागणारी ताकद आठपट होते. म्हणून सडकेच्या सायकलीचे हँडल खाली वाकलेले असते; स्वाराने वाऱ्याला नमस्कार करीतच पुढे जावे अशी तिची योजना आहे. डोंगरी सायकलीचे हँडल रुंद आणि आडवे. तेथे वेगापेक्षा तोल महत्त्वाचा.

तिसरी गोष्ट गिअरची. डोंगरी सायकलीत पुढे ३२ दाते आणि मागे ५० दाते अशी जोडी असते. पेडलाच्या एका फेऱ्यात सायकल दीड मीटरही सरकत नाही. पण खड्या चढावरही पाय फिरत राहतो. सडकेच्या सायकलीचा सर्वांत हलका गिअर साधारण सव्वादोन मीटर नेतो आणि सर्वांत जड गिअर साडेनऊ मीटर. एकीला मुंगीची पावले ठाऊक आहेत, दुसरीला हरणाची झेप.

यावरून आपण म्हणाल, "ठरले तर. बारीक टायरच घ्यावेत." थांबा. आमच्या नात्यातील एक तरुण मुळशी तालुक्यात शेताजवळ घर बांधून राहतो. त्याने आमची फजिती ऐकली आणि आमच्यापेक्षा शहाणे होण्याच्या उत्साहात सडकेची सायकल घेतली. त्याच्या घरापासून पक्की सडक तीन किलोमीटर लांब. मधली वाट ट्रॅक्टरांनी फोडलेली. पहिल्या महिन्यात चार पंक्चर झाली, दुसऱ्यात मागचे आरे तुटले, तिसऱ्यात कंबर धरली. त्याचीही सायकल खुंटीला लागली. मामांची सायकल भाच्याच्या अंगणात आणि भाच्याची सायकल मामांच्या दारी असती, तर दोघेही सुखी झाले असते.

आणि येथेच या विषयाचे खरे मर्म आहे, असे आम्हांस वाटते. चुकीची सायकल घेतल्याने पैसे बुडतात हे फारसे मोठे नुकसान नव्हे. माणूस असे म्हणतच नाही की, मी सायकल चुकीची घेतली. तो म्हणतो, "सायकल आता आपल्याच्याने होत नाही. वय झाले." वर्षभर आम्हीही तेच म्हणत होतो. आपल्या जिन्यांखाली धूळ खात पडलेल्या कितीतरी सायकलींनी आपल्या धन्यांना असे अकाली म्हातारे केले आहे. दोष टायरांचा, आणि शिक्षा माणसाने स्वतःला करून घ्यायची!

तेव्हा सायकल घेण्यापूर्वी स्वतःला चार प्रश्न विचारावे. पहिला: मी गेल्या महिन्यात खरोखर कोणत्या वाटांनी गेलो? मनातल्या वाटांनी नव्हे, पायाखालच्या. दुसरा: एका वेळी किती दूर जाणार? पाच किलोमीटरांना कोणतीही सायकल चालते, पन्नासांना चालत नाही. तिसरा: माझी पाठ किती वाकते? याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. दुकानदार पाहत असला तरी. चौथा: सायकल माझ्या मापाची आहे काय? दांड्याच्या दोन्ही बाजूंस पाय टेकून आरामात उभे राहता यावे, आणि पेडल तळाशी असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. सीट बोटभर खाली राहिली तरी गुडघे तक्रार करतात, आणि आपण ती तक्रार वयाच्या नावावर खपवितो. ज्यांची वाट अर्धी डांबरी आणि अर्धी खड्ड्यांची आहे, आणि आपल्यापैकी बहुतेकांची ती तशीच आहे, त्यांच्यासाठी मध्यम टायरांच्या, शॉकअप नसलेल्या सायकलीही मिळतात. त्यांचा तोरा कमी, पण संसाराला त्या बऱ्या.

परंतु निवड म्हणजे सर्वस्व नव्हे. पुढे आनंद आहे, आणि तो दोन्हींत निराळा आहे. सडकेच्या सायकलीचा आनंद लयीचा आहे. पहाटे दिवे घाट चढावा. पहिल्या वळणांवर धाप लागते, मग श्वास आणि पाय यांची जोडी जमते, आणि मन मोकळे होते. खाली मस्तानी तलाव दिसू लागतो, आणि आपण स्वतःच्या पायांनी एवढे वर आलो याचे लहान मुलासारखे नवल वाटते. ही लय माणसाला कोठवर नेते? नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघाने अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडण्याची शर्यत पुरी केली. अंतर सुमारे ४८०० किलोमीटर आणि दिवस नवाच्या आत. दोघेही व्यवसायाने डॉक्टर, हे ध्यानात घ्या.

डोंगरी सायकलीचा आनंद अवधानाचा आहे. मावळातल्या गाडीवाटेवर पुढच्या दहा हातांपलीकडे पाहण्यास सवडच नसते. हा दगड चुकवावा, त्या मुळावरून चाक उचलावे, उतारावर अंग मागे न्यावे. घरची, कचेरीची, कर्जाची चिंता त्या दहा हातांत मावतच नाही. तासाभरात दहा किलोमीटर झाले तरी पुष्कळ. पण तेवढ्या वेळात जमीन आपल्याशी बोललेली असते. मात्र पायी चालणाऱ्यास आणि गुरांस आधी वाट द्यावी, आणि भर पावसात मऊ झालेल्या पायवाटेवर चर पाडू नयेत. वाट सर्वांची आहे.

शेवटी एक गोष्ट सांगून संपवितो. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासास निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ साली मुंबईस परत आले. इराणची वाळवंटे आणि युरोपचे राजमार्ग त्यांनी पार केले, आणि दुकानात डोंगरी घ्यावी की सडकेची, हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. मग आमचे आतापर्यंतचे सारे बोलणे व्यर्थ काय? नाही. त्यांच्यापाशी जी जिद्द होती ती तुमच्या-आमच्यापाशी नाही; ज्याची जिद्द बेताची, त्याने तरी सायकल नीट निवडावी!

आमची ती जाड टायरांची सायकल आता मुळशीस भाच्याकडे आहे आणि त्याची बारीक टायरांची आमच्याकडे. अदलाबदल झाल्यापासून गेल्या दोन वर्षांत एकदाही सायकल जिन्याखाली महिनाभर राहिली नाही. सिंहगडाच्या घाटात आम्ही अजून मित्राच्या मागेच असतो, पण सायकलीवर बसून. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपले वाडवडील सांगत. आम्ही त्यास एवढीच पुरवणी जोडतो, की वाट पाहून सायकल घ्यावी. आणि घरी परतल्यावर जिन्याखाली एकदा डोकावून पाहावे. तेथे जी उभी आहे तिला विचारावे, "बाई, तुझा रस्ता चुकला, की माझा?" बहुधा दोघांचाही सापडेल, निदान टायरांत हवा तरी भरली जाईल.