कान दुखतो, रोग कवटीच्या तळाशी



कान दुखू लागला म्हणजे लोणी काळभोरात काय किंवा पुण्याच्या पेठांत काय, उपाय ठरलेला असतो. लसणीचे कोमट तेल कानात सोडावयाचे आणि फडक्याने शेकावयाचे. बहुतेकांचे दुखणे आपोआप थांबते व श्रेय तेलाला जाते. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते उरलेल्या थोड्यांविषयी.

हे थोडे कोण? बहुधा उतारवयाचे आणि मधुमेही. काडीने वा पिनेने कानाच्या नळीत ओरखडा पडतो. ओलाव्यात वाढणारा स्यूडोमोनास नावाचा जंतू तेथे शिरतो. निरोगी शरीर त्याला तेथेच अडवते. मधुमेहात पांढऱ्या पेशी मंदावतात, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. मग जंतू कूर्चेतील फटींतून उतरून कवटीचा तळ पोखरतो. १९६८ साली अमेरिकेत चँडलर यांनी अशा १३ रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांतील जवळजवळ निम्मे दगावले होते.

ओळखावे कसे? वेदना रात्री वाढते आणि कानात जे दिसते त्या मानाने फारच असते. थेंब घालूनही उतार पडत नाही. पुढे तोंड वाकडे होते, कारण चेहऱ्याची नस याच हाडातून जाते. आणखी पुढे घास गिळवत नाही, आवाज बसतो. तोंड वाकडे झाले की ‘वारा लागला’ म्हणणाऱ्यांना आम्ही एवढेच विचारू: आधी कान दुखत होता काय?

शक्यतो औषध सुरू करण्यापूर्वीच पू तपासावयास द्यावा. नळीतील मांसाचा तुकडाही तपासावा, कारण कर्करोग हुबेहूब असाच दिसतो. सी.टी.त हाडाची झीज दिसते, पण बरीच झीज झाल्यावर. मऊ भागांतील पसरण एम.आर.आय. दाखवते.

उपचार म्हणजे जंतूला लागू पडणारे प्रतिजैविक, निदान सहा आठवडे, पुष्कळदा अधिक. आणि साखरेवर कडक ताबा. शस्त्रक्रिया बहुधा पुवाचा निचरा व मृत हाड काढणे एवढ्यापुरतीच. बुरशीची गोष्ट निराळी. २०२१ साली कोव्हिडच्या लाटेत महाराष्ट्राने ‘काळी बुरशी’ पाहिली. ती नाकाच्या वाटेने येते. तेथे अँफोटेरिसिनबरोबर सडलेला भाग तातडीने काढावाच लागतो.

खरा घात होतो तो मधल्या आठवड्यांत. वेदना थांबते, औषध महाग वाटते, उसाची तोडणी खोळंबलेली असते, आणि गोळ्या बंद होतात. वेदना गेली म्हणजे हाड बरे झाले असे नव्हे. रक्ताच्या तपासण्या व डॉक्टरांचा शब्द, हीच खूण मानावी.

म्हणून विनंती एकच. घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांचा कान रात्री ठणकू लागला, तर तेलाची वाटी बाजूस ठेवा आणि सकाळी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्या.