सातवीचा उंबरठा ओलांडताना

(सुपा येथील पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



पन्नास वर्षे सेवेचे व्रत सांभाळणाऱ्या या ट्रस्टने सुवर्णमहोत्सवाच्या मंगल पर्वावर मला दोन शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

एके काळी सातवीची फायनल उत्तीर्ण होणे ही मोठी गोष्ट होती. त्या प्रमाणपत्रावर प्राथमिक शिक्षकाची नोकरी मिळत असे. आज सातवी हा केवळ एक उंबरठा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवी हा एकच टप्पा मानला. तरीही आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीला किंवा सातवीला थांबतात आणि मुलाला नवी शाळा शोधावी लागते. कालपर्यंत त्याचे घरदार ओळखणारे एक-दोन गुरुजी बहुतेक सर्व विषय शिकवीत होते. आता तासागणिक शिक्षक बदलतात. वस्तीवरचे मूल एस.टी.ची वाट पाहते. सुप्यात औद्योगिक वसाहत झाल्यापासून बाहेरगावची कुटुंबेही येथे वसली; आईवडील पाळीवर आणि मूल घरी एकटे, असे चित्र दिसते. त्यातच बारा-तेरा वर्षांचे वय! शरीर बदलते, मन हळवे होते, आणि नेमके याच वेळी आपण त्याला म्हणतो, "आता तू मोठा झालास."

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. मी शिक्षक असताना सातवीत पहिला आलेला एक मुलगा आठवीच्या सेमी-इंग्रजी वर्गात दाखल झाला. त्याची गणिताची वही कोरी राहू लागली. मी त्याला चारचौघांत आळशी म्हटले. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही. पुढे त्याच्या घरी गेलो तेव्हा उलगडा झाला. अपूर्णांक त्याला उत्तम येत होते. 'फ्रॅक्शन' म्हणजे अपूर्णांक, हे मात्र कोणी सांगितले नव्हते, आणि विचारण्याची त्याला लाज वाटत होती. तो पुन्हा वर्गात बसला नाही. ती चूक माझी होती, आणि तिची बोच आजही आहे.

म्हणून उपाय सांगताना मी आपल्याच परंपरेकडे वळतो. आपल्या शास्त्रांनी स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत : वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. धर्मग्रंथांसाठी सांगितलेली ही वाट शाळेच्या अभ्यासालाही उजेड देते. वाचना म्हणजे धडा समजून वाचणे. पृच्छना म्हणजे शंका विचारणे; प्रश्न विचारणे हा अभ्यासाचाच भाग आहे, हे मुलाच्या मनावर ठसले तर त्याची भीती निम्मी होईल. परिवर्तना म्हणजे उजळणी, अनुप्रेक्षा म्हणजे मनन. धर्मकथा म्हणजे धर्माचा उपदेश. तिच्यापासून आपण एवढे शिकावे की जे समजले ते दुसऱ्याला सांगावे. मुलाने रात्री आजीला धडा समजावून सांगितला, तर तो त्याला खरा समजला!

सातवीच्या उन्हाळी सुट्टीतच गणित व विज्ञानाच्या मराठी-इंग्रजी शब्दांची एक वही तयार करावी. रोज दहा शब्द पुरेत. सामायिकाचा काळ अठ्ठेचाळीस मिनिटांचा. दिवसातून तेवढाच वेळ दूरदर्शन व मोबाईल बंद ठेवून सलग अभ्यासाला द्यावा. शासकीय व अनुदानित शाळांतील मुलांसाठी आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षा असते. निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला बारा हजार रुपये मिळतात. गरजू पालकांनी तिची चौकशी सातवीतच करावी.

परंतु बुद्धीच्या तयारीपूर्वी मनाची तयारी हवी. कर्मवीर भाऊराव पाटील जैन कुटुंबात जन्मले, शिक्षणासाठी कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये राहिले. घरापासून दूर शिकणाऱ्या मुलाचे मन त्यांनी जाणले, म्हणून १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. आधी मायेचा घास, मग पाटी-पुस्तक, हा त्यांचा क्रम होता. आपण मुलाला संध्याकाळी "किती गुण पडले?" असे विचारतो. त्याऐवजी "आज कोणाशी मैत्री झाली? काय अवघड गेले?" असे विचारून पाहावे.

मुलींविषयी विशेष विनंती. शाळा लांब आहे, या कारणास्तव सातवीनंतर एकाही मुलीचे शिक्षण थांबू देऊ नका. चार घरच्या मुली मिळून जाऊ लागल्या की वाट आपोआप जवळ येते.

ट्रस्टला माझी नम्र सूचना अशी की, संध्याकाळी एक अभ्यासिका सर्व समाजाच्या मुलांसाठी उघडावी आणि दहावीच्या ताई-दादांनी आठवीच्या एकेका मुलाचा हात धरावा. ज्ञानदानाचे पुण्य यापरते कोणते? माझ्या त्या विद्यार्थ्याला असा एक दादा लाभला असता, तर तो शिकला असता.

बोलण्यात काही न्यून राहिले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!