थांबलेल्या चेंडूची तालीम

आपापली मैदाने दोन दिवस साहाय्यकांच्या हवाली करून येथवर आलेल्या प्रशिक्षक बंधुभगिनींनो,

ज्या नगरीत फुटबॉलचे संघ ‘तालीम’ या नावाने ओळखले जातात, त्या कोल्हापुरात भरलेल्या या संमेलनाचे अध्यक्षस्थान आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावे येथील लहान मुलांच्याही तोंडी असतात, आणि म्हणूनच कदाचित त्या शब्दाकडे थांबून पाहण्याचे आपल्या मनात येत नाही. अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला आणि मुळात शिक्षण एवढाच अर्थ असलेला हा शब्द मराठीत दोन घरी नांदला. एक मल्लांच्या आखाड्यात आणि दुसरे नाटक मंडळींच्या बिऱ्हाडी. दोन्ही घरी त्याचा आशय एकच राहिला: जे सहस्रावधी लोकांसमोर निमिषार्धात घडावयाचे आहे, ते आधी एकांतात शंभर वेळा घडवून अंगी मुरवणे. फुटबॉलच्या वाहत्या खेळात अशी तालीम फार थोड्या गोष्टींची करता येते, कारण तेथे प्रत्येक क्षण मागील क्षणाच्या पोटातून जन्मतो. परंतु याच खेळाचा एक भाग असा आहे की, तेथे चेंडू स्थिर असतो, प्रतिस्पर्ध्याला नियमाने दूर राहावे लागते, आणि कोणी कोठून धावावे हे आदल्या दिवशी ठरवता येते. त्या भागाविषयी, आणि त्यासाठी स्वतंत्र नेमलेल्या वस्तादाविषयी, आज मी बोलणार आहे.

कॉर्नर, फ्री किक, थ्रो-इन आणि पेनल्टी या सर्वांना मिळून ‘सेट-पीस’ म्हणण्याचा प्रघात आहे. फ्री किकच्या वेळी प्रतिपक्षाने ९.१५ मीटर दूर राहिले पाहिजे, कॉर्नरच्या वेळीही तेच अंतर. शिवाय कॉर्नरवरून किंवा थ्रो-इनवरून चेंडू थेट आला असता ऑफसाइडचा नियम लागू होत नाही, म्हणजे एरवी आघाडीवीराला जी हद्द ओलांडता येत नाही, ती त्या एका क्षणापुरती खुली होते. इतकी सवलत नियमानेच पदरात टाकली असता तिचा उपयोग दैवावर सोडून द्यावा, ही गोष्ट आज विचित्र वाटते. पण १८७२ साली कॉर्नर इंग्लंडच्या नियमावलीत आल्यापासून शतकाहून अधिक काळ बहुतेक संघांचा व्यवहार असाच होता. उंचपुऱ्या बचावपटूंनी पुढे जावे, पायात गोडवा असलेल्याने चेंडू गर्दीत टाकावा, आणि पुढचे परमेश्वराने पाहावे.

या बाबतीत मी स्वतःही निर्दोष नाही. अनेक वर्षांपूर्वी एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम सामन्यात माझ्या संघाने शेवटच्या दोन मिनिटांत कॉर्नर दिला. चेंडू जवळच्या खांबाशी आला, आमची दोन मुले त्याच्याकडे पाहत उभी राहिली, कारण हा दुसऱ्याचा आहे असे प्रत्येकाला वाटले, आणि त्या दोघांमधून प्रतिस्पर्ध्याने तो जाळ्यात ढकलला. सामन्यानंतर ती जागा कोणाची होती, असे मी विचारले, तेव्हा अकरा मुलांनी माना खाली घातल्या, आणि माझ्या ध्यानात आले की, ती जागा कोणाची हे मी कधी कोणाला सांगितलेच नव्हते. संपूर्ण हंगामात आम्ही धावण्याचा, पास देण्याचा, दमसासाचा कसून सराव केला. परंतु ज्या क्षणी चेंडू थांबतो त्या क्षणाचा कारभार कोणाकडेही सोपवलेला नव्हता. विशेषज्ञ प्रशिक्षकाचे मोल मला त्या दिवशी कळले. तसा मनुष्य प्रत्यक्षात कोठे नेमला जात असेल, याची मात्र तेव्हा मला कल्पना नव्हती.

व्यावसायिक फुटबॉलमध्ये ही जागा निर्माण करणाऱ्यांत जियानी व्हियो या इटालियन गृहस्थाचे नाव प्रथम घ्यावे लागेल. व्हेनिस परिसरातील हा बँकेचा कर्मचारी. नामांकित खेळाडू म्हणून त्याची ख्याती कधीच नव्हती. फ्री किक आणि कॉर्नर यांच्या रचनांचा त्याने वर्षानुवर्षे अभ्यास केला, त्यावर एका सहकाऱ्यासह पुस्तक लिहिले, आणि २००८ साली प्रशिक्षक वॉल्टर झेंगा यांनी त्याला कातानिया संघात आपल्या मदतीस घेतले. पुढे तो फिओरेन्तिना, मिलान, इंग्लंडमधील ब्रेंटफर्ड अशी स्थानके करीत इटलीच्या राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात दाखल झाला. ११ जुलै २०२१ रोजी वेम्ब्लीवर युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इटली एका गोलाने मागे असताना ज्या गोलाने बरोबरी झाली, तो लिओनार्दो बोनुच्ची याने कॉर्नरनंतरच्या झोंबाझोंबीत केला होता. तो गोल व्हियोच्या वहीतून जसाच्या तसा उतरला, असा दावा मी करणार नाही; परंतु त्या गर्दीत कोण कोठे असावे, याचा विचार ज्याने आयुष्यभर केला असा मनुष्य त्या संघाच्या बाकावर बसलेला होता, हे विसरून चालणार नाही.

अल्पधन संघांना या विद्येचे आकर्षण प्रथम वाटले, हे स्वाभाविकच होते. मॅथ्यू बेनहॅम हे आकडेशास्त्राच्या आधारे व्यवहार करणारे गृहस्थ ब्रेंटफर्डचे मालक. २०१४ साली त्यांनी डेन्मार्कमधील मिडट्युलँड हा क्लबही ताब्यात घेतला, आणि पुढच्याच वर्षी, १९९९ साली स्थापन झालेल्या त्या संघाने आपले पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. त्या यशात थांबलेल्या चेंडूवरील गोलांचा वाटा फार मोठा होता. मोठा आघाडीवीर विकत घेण्यास कोट्यवधी रुपये लागतात. उलट मैदानाच्या कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर चार मुलांनी कोणत्या क्रमाने धावावे, हे शिकवण्यास एका जाणत्या माणसाचे वेतन पुरते. ब्रेंटफर्ड २०२१ साली इंग्लंडच्या अव्वल श्रेणीत परतले, तेव्हा त्यांना तेथून जाऊन ७४ वर्षे झाली होती. आणि २०२५ साली मुख्य प्रशिक्षकाची जागा रिकामी झाली असता त्यांनी ती कीथ अँड्र्यूज यांना दिली, जे तोवर त्याच क्लबात सेट-पीसचे प्रशिक्षक होते. ज्या पदाची एके काळी दफ्तरात नोंदही नसे, त्या पदावरून मनुष्य थेट गादीवर बसला.

सेट-पीसचे प्रशिक्षक निकोला जोव्हर यांची कामगिरी मात्र अधिक विस्ताराने सांगितली पाहिजे. ब्रेंटफर्ड आणि नंतर मँचेस्टर सिटी येथे काम करून ते २०२१ साली आर्सेनलमध्ये आले. साधारण हिशेब असा की, शंभर कॉर्नरांतून जेमतेम तीन-चार गोल होतात. एखाद्या संघास सामन्यामागे पाच कॉर्नर मिळतात असे धरले, तर ३८ सामन्यांच्या हंगामात १९० कॉर्नर आणि त्यांतून सहा-सात गोल. आर्सेनलने २०२३-२४ च्या हंगामात केवळ कॉर्नरवरून १६ गोल केले. त्यांच्या वाट्याला कॉर्नर इतरांहून अधिक येत असत, हे लक्षात घेऊनही हा फरक दैवाच्या खाती टाकता येत नाही.

हे घडते कसे, ते पाहण्याजोगे आहे. उजव्या कोपऱ्यातून डावखुरा साका आणि डाव्या कोपऱ्यातून उजव्या पायाचा राइस चेंडू मारतो, म्हणजे दोन्हीकडून तो गोलाच्या दिशेने आत वळतो आणि गोलरक्षकाच्या अगदी पुढ्यात उतरतो. गोल करणारे पाच-सहा जण मात्र तेथे उभेच नसतात. ते दूरच्या खांबापलीकडे घोळका करून थांबतात, आणि चेंडू उडण्याच्या सुमारास एकदम फुटून धावत येतात, त्यामुळे जागच्या जागी उभ्या असलेल्या बचावपटूला धावत्या देहाशी उडीची स्पर्धा करावी लागते. दरम्यान एक जण, त्या काळी बहुधा बेन व्हाइट, गोलरक्षकाच्या वाटेत अशा रीतीने उभा राहतो की, धक्का तर लागत नाही, पण पुढे येण्यास जागाही उरत नाही. मग मागून गॅब्रिएल येतो आणि मस्तकाने चेंडू जाळ्यात घालतो, जसा त्याने सप्टेंबर २०२४ मध्ये टॉटनहॅमच्या मैदानावर घालून सामना १-० असा जिंकून दिला. धावफलकावर गॅब्रिएलचे नाव लागते. व्हाइटचे लागत नाही. कुस्तीच्या फडात ढाक लागलेली सर्वांना दिसते, पण आधी प्रतिमल्लाचा हात कोठे गुंतवला, हे वस्तादालाच दिसते. ज्याचे नाव कोठेही लागत नाही, त्याच्या श्रमाला मोल देणारा मनुष्य संघात असावा लागतो, आणि विशेषज्ञ प्रशिक्षकाचे सर्वांत मोठे काम मला हेच वाटते.

इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाने हे २०१८ च्या विश्वचषकात दाखवले. त्या वेळचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट यांनी अमेरिकेतील बास्केटबॉल पाहून, एकाने दुसऱ्याच्या वाटेत उभे राहून तिसऱ्याला मोकळे करण्याची युक्ती उचलली. इंग्लंडने केलेल्या १२ गोलांपैकी ९ सेट-पीसवरून आले, त्यांत तीन पेनल्टी होत्या. तसेच लिव्हरपूलने २०१८ साली टोमास ग्रोनेमार्क या डॅनिश गृहस्थास केवळ थ्रो-इन शिकवण्यासाठी बोलावले, तेव्हा पुष्कळांनी हसून घेतले. सामन्यात जे कृत्य चाळीस-पन्नास वेळा घडते त्याला शिक्षक असणे हास्यास्पद, आणि जे दोनदा घडते त्याच्या सरावासाठी दुपार खर्च करणे योग्य, असे मानणाऱ्यांचा हिशेब मला कधीच उमगला नाही. ग्रोनेमार्कची शिकवण लांब फेकीपुरती नव्हती. थ्रो-इन लांब, जलद आणि चतुर असावा, आणि दडपणाखाली चेंडू आपल्याकडेच राहावा, हा त्याचा आग्रह होता.

आता या पद्धतीवर घेतल्या जाणाऱ्या हरकतींचा विचार करू. पहिली हरकत सौंदर्याची आहे. स्टोक संघात रोरी डेलॅप गोलासमोर भाल्यासारखे थ्रो-इन फेकू लागला, तेव्हा आर्सेन व्हेंगर यांच्यासारख्या थोर प्रशिक्षकानेही थ्रो-इन पायाने घेतला जावा, अशी सूचना केली होती. गोलासमोर जी ओढाताण चालते, ती पाहून मलाही क्लेश होतात. प्रतिपक्षाचा अंगरखा धरून ठेवणे हे कसब नव्हे, आणि त्याला पंचांनी कठोर शासन करावे, असे माझे स्पष्ट मत आहे. जो संघ केवळ कॉर्नर मिळवण्यासाठीच खेळतो, त्याने खेळाचा मोठा प्रदेश स्वतःच सोडून दिला असेही मी म्हणेन. परंतु रचलेला गोल हा स्फुरलेल्या गोलाहून हीन, हे मी मान्य करणार नाही. तालमीवाचून रंगमंचावर गेलेल्या नटाला आपण स्वयंस्फूर्त म्हणत नाही, बेजबाबदार म्हणतो.

दुसरी हरकत अधिक गंभीर आहे: सर्व आधीच ठरवून ठेवले, तर खेळाडूची बुद्धी मंदावेल. तिला उत्तर ८ एप्रिल २०२५ च्या रात्री मिळाले. आर्सेनलला रेआल माद्रिदविरुद्ध फ्री किक मिळाली असता मूळ बेत चेंडू गर्दीत टाकण्याचा होता, हे डेक्लन राइसने नंतर स्वतः सांगितले. पण समोरची भिंत आणि गोलरक्षकाची जागा पाहून त्याने तो बेत मोडला आणि थेट गोल केला, आणि थोड्या वेळाने दुसऱ्या फ्री किकवरही केला. व्यावसायिक कारकीर्दीत याआधी त्याने थेट फ्री किकवर एकही गोल केला नव्हता. मसलत पक्की असली, तरच ती केव्हा मोडावी हे कळते. जेथे मसलतच नाही, तेथे मोडण्यासारखेही काही नसते. तरीही एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. कॉर्नरवरून १६ गोल करणारे आर्सेनल त्या हंगामात ८९ गुणांसह दुसरेच आले, आणि अजिंक्यपद दोन गुणांनी मँचेस्टर सिटीकडे गेले. एकटा वस्ताद सगळा फड मारून देत नाही.

आपल्याकडे अशा स्वतंत्र नेमणुकीसाठी द्रव्य नाही, ही कैफियत मी येथे येताना वाटेतही ऐकली, आणि ती खरी आहे. परंतु वेतनाची तजवीज नसली, तरी जबाबदारीची तजवीज करता येते. आपल्या संघातील एका साहाय्यकास, किंवा दुखापतीमुळे बाहेर बसलेल्या एका जाणत्या खेळाडूस, हे खाते लेखी सोपवावे. त्याने प्रत्येक सामन्यातील कॉर्नर आणि फ्री किक यांची वही ठेवावी. आणि आठवड्यातून पाऊण तास त्याच्या हुकमतीखाली संपूर्ण संघ द्यावा, त्यात मुख्य प्रशिक्षकाने ढवळाढवळ करू नये. शेवटची अट पाळणे सर्वांत अवघड आहे, हे मी अनुभवाने जाणतो.

उद्या प्रातःकाळी साडेसहा वाजता समोरच्या मैदानावर सोळा मुले येणार आहेत. आपण सर्वांनी वही घेऊन डाव्या कोपऱ्याच्या निशाणापाशी जमावे, अशी विनंती आहे. आरंभ आपण बचावापासून करू, आणि सर्वप्रथम जवळच्या खांबापाशी उभ्या राहणाऱ्या मुलाला त्याची जागा दाखवू.